घरच्या कामासाठी पोर्टेबल वेल्डिंग मशीन: जोडणी, करंट, कांड्या आणि सुरक्षितता (बडोदा)

मकरपुरा_शेड

हल्ली बडोद्यात बऱ्याच घरांत खांद्याला अडकवता येणारं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन दिसतं. गच्चीची जाळी, फाटकाची बिजागरी, कुंड्यांचा स्टँड एवढी कामं त्यावर सहज होतात. पण तक्रारी ठरलेल्या असतात: कांडी (वेल्डिंगचा रॉड) चिकटते, आर्क (कांडीच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) विझतो, खटका (बोर्डातला एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. मग माणूस आपल्या हाताला दोष देतो. माझं स्पष्ट मत असं की बहुतेक वेळा दोष भिंतीतल्या वायरचा, अर्थ क्लॅम्पचा (कामाच्या लोखंडाला लावायच्या चिमट्याचा) नाहीतर दमट कांडीचा असतो. म्हणून या धाग्यात आधी जोडणी बोलू, हाताचं नंतर.

मशीन घेताना डब्यावरच्या '२००' या आकड्यावर जाऊ नका. मागच्या पट्टीवर ड्यूटी सायकल शोधा. '२०० अँपिअर, ६०%' म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं २०० वर चालवायचं आणि चार मिनिटं थांबायचं, तेही साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली यापेक्षा लवकर थर्मलचा (मशीन तापल्याचा) पिवळा दिवा लागणार. करंट कमी केला की वेळ वाढतो: हेच मशीन साधारण १५५ वर न थांबता चालू शकतं. ड्यूटी सायकल लिहिलेलीच नसेल तर ते मशीन सोडून द्या. घरकामाला ६० ते १३० अँपिअर लागतात, तेवढे खरे मिळाले की पुष्कळ झालं.

दुसरी तपासणी केबलची. स्वस्त संचात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार येते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर समजा. १५० अँपिअरपर्यंत तांब्याची १६ चौ.मिमी आणि २०० पर्यंत २५ चौ.मिमी वेल्डिंग केबल हवी. मशीनला बसणारा पिन-कनेक्टर आत घालून उजवीकडे पिळून घट्ट करायचा असतो. तो नुसता खोचून ठेवला तर तिथेच तापून वितळतो.

क्लॅम्प पत्र्याचा हलका असेल तर बदला. पितळी जबड्याचा, कडक स्प्रिंगचा घ्या, आणि जिथे लावाल तिथला रंग-गंज ग्राइंडरने घासून चकचकीत करा. रंगावर लावलेला क्लॅम्प हे आर्क तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

दांडियाबाजार

फार उपयोगी. माझा प्रश्न: गच्चीवर १६ गेजच्या २५×२५ चौकोनी पाइपची जाळी करायची आहे. गच्चीत १६ अँपिअरचं सॉकेट आहे, गीझरसाठी ओढलेलं. त्यावर चालेल का? खालच्या मजल्यावरून एक्स्टेन्शन घेतली तर? मशीन २०० वालं आहे, ६०% ड्यूटी लिहिली आहे.

फेज_न्यूट्रल

हिशेब मांडतो, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या घरी करता येईल.

कांडीच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा व्होल्टेज साधारण '२० + ०.०४ × अँपिअर' धरतात. ८० अँपिअरला तो २३.२ व्होल्ट, म्हणजे बाहेर १.८५ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५% धरली आणि साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला येणारा हिस्सा) ०.७ च्या आसपास धरला, तर भिंतीतून १३ ते १४ अँपिअर ओढले जातात. १०० अँपिअरला १७ ते १८. १६० ला ३० च्या पुढे.

म्हणजे ८० पर्यंत गीझरच्या सॉकेटवर काम होईल, पण आत २.५ चौ.मिमी तांब्याची वायर आहे याची खात्री करून. जुन्या वाड्यांत बऱ्याचदा १.५ असते. १०० च्या पुढे जायचं असेल तर मीटरजवळच्या बोर्डातून वेगळी लाइन ओढा: ४ चौ.मिमी वायर, २५ अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीचा करंटचा झटका सोसणारा) एमसीबी. १३० च्या वर नियमित काम असेल तर ६ चौ.मिमी, ३२ चा एमसीबी आणि निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट. एमजीव्हीसीएलच्या (आपल्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघा. तीन किलोवॅटच्या जोडणीवर एसी, पंप आणि वेल्डिंग एकत्र चालवायचं नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खटका पडतो म्हणून कोणी १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवतो आणि वायर तीच ठेवतो. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर न बदलता तो मोठा केला तर भिंतीच्या आत इन्सुलेशन जळतं आणि ते दिसत नाही. कृपया हे करू नका.

एक्स्टेन्शनचं असं: ३० मीटर लांबीत करंट जाऊन-येऊन ६० मीटर तार होते. १.५ चौ.मिमी असेल तर २० अँपिअरला १४ व्होल्टच्या वर तिथेच जातात. २.५ ला ९ च्या आसपास, ४ ला साडेपाच. शिवाय एक्स्टेन्शन गुंडाळीवर ठेवून वापरू नका, पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे एकमेकांना चिकटलेले सापडतात.

प्लगची मोठी पिन म्हणजे अर्थिंग. ती कापून दोन पिनांवर मशीन चालवायचं नाही. मशीनची बॉडी धातूची असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं, आणि तो पडत असेल तर त्याला वळसा घालू नका. ओल्या प्लगापासून खराब मशीनपर्यंत कारण शोधा.

मकरपुरा_शेड

@दांडियाबाजार, १६ गेज म्हणजे १.६ मिमी. त्यावर २.५ ची कांडी ८० ला लावलीत तर भोकच पडेल. २ मिमीची ६०१३ कांडी (६०१३ हा कांडीचा प्रकार), ४५ ते ५५ अँपिअर. ती मिळाली नाही तर २.५ ची, ५५ ते ६० वर, होल्डर (कांडी धरायचा चिमटा) उणे टोकाला लावून. सविस्तर खाली लिहितो, कारण हे सगळ्यांनाच लागतं.

बाजारात कांडी 'नंबर'ने मागतात: १२ नंबर म्हणजे २.५ मिमी, १० नंबर म्हणजे ३.१५, ८ नंबर म्हणजे ४. हा व्यास आतल्या तारेचा, वरच्या लेपासकट नव्हे. ६०१३ साठी करंट असा: २ मिमीला ४० ते ६०, २.५ ला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०, ४ ला १४० ते १९०. पुड्यावर छापलेले आकडे वेगळे असतील तर ते खरे माना. पुड्यावर आयएस ८१४ (कांड्यांचं भारतीय मानक) चा उल्लेख असलेलाच माल घ्या, सुट्या कांड्या नकोत.

धन की उणे? ६०१३ दोन्हीवर चालते. होल्डर धनाला लावला की सांधा खोलवर जातो, जाड पट्टी-अँगलसाठी हे बरं. उणेला लावला की भेदन कमी, पातळ पाइपसाठी हे बरं. ७०१८ (कांडीचा दुसरा प्रकार) मात्र धनावरच लावा. ती उंच ओपन-सर्किट व्होल्टेज (आर्क पेटण्याआधीचा व्होल्टेज) मागते, स्वस्त छोट्या मशीनवर पेटायलाच त्रास देते. जाळी आणि फाटकाला तिची गरजही नाही.

मशीनवर 'हॉट स्टार्ट' आणि 'आर्क फोर्स' अशा दोन घुंड्या असतील तर: पहिली कांडी पेटताना क्षणभर जास्त करंट देते, दुसरी कांडी फार जवळ गेली की करंट वाढवून चिकटू देत नाही. पातळ पाइपवर दोन्ही कमी ठेवा, नाहीतर प्रत्येक टाक्याला (छोट्या ठिपका-वेल्डला) सुरुवातीलाच भोक.

पत्रा_पाइप

हाताचं मी लिहितो.

सरावाला जाळीचा पाइप घेऊ नका. ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड पट्टीचे तुकडे घ्या, २.५ ची कांडी, ८० अँपिअर. काडेपेटीची काडी ओढतात तसं टोक पट्टीवर ओढायचं आणि पेटताच दोन-अडीच मिमी वर धरायचं. आर्कची लांबी तारेच्या व्यासाएवढी, त्याहून जास्त नाही. कांडी पुढे जाण्याच्या दिशेला १०–१५ अंश कललेली, म्हणजे वितळलेला मळ (कांडीच्या लेपाचा काचेसारखा थर) मागे राहतो. कांडी जळून आखूड होत जाते, म्हणून हात पुढे नेताना खालीही यावा लागतो. नवख्यांचा आर्क लांबतो तो इथेच.

नजर उजेडावर ठेवू नका, मागच्या वितळलेल्या धातूच्या तळ्यावर ठेवा. वितळलेला धातू आणि वर तरंगणारा मळ वेगळा ओळखता आला की निम्मं काम झालं. धातू चमकदार आणि शांत दिसतो, मळ गडद आणि हलता असतो. मळ तळ्याच्या पुढे धावू लागला तर कांडीचा कल वाढवा किंवा जरा वेग घ्या. नाहीतर तो आत अडकतो, आणि सांधा वरून सुंदर पण आतून पोकळ होतो.

वेल्डचा पट्टा ५ ते ७ मिमी रुंद हवा. वरच्या लहरी गोलसर असतील तर वेग बरोबर. टोकदार असतील तर घाई झाली. कडेला खाच पडली तर करंट जास्त किंवा आर्क लांब. पट्टा दोरीसारखा उंच बसला, कडा धरल्याच नाहीत, तर करंट कमी.

आता एक चाचणी, जी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. दोन पट्ट्या 'टी' आकारात उभ्या करून फक्त एका बाजूने वेल्ड करा. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये धरून वेल्डच्या बाजूला हातोड्याने झोडपून मोडा. मोडलेल्या जागी कोपऱ्यात पट्टीची मूळ सरळ कड जशीच्या तशी दिसली, तर धातू मुळापर्यंत गेलाच नव्हता. काळे-काचेसारखे ठिपके म्हणजे मळ, बारीक गोल भोकं म्हणजे ओलावा किंवा रंग. ही चाचणी दोन-तीनदा साफ निघाल्याशिवाय ज्यावर माणूस उभा राहील असं काही जोडू नका. जिना, झोपाळ्याचा हुक, गच्चीचा कठडा हे शिकाऊ हाताचं काम नव्हे.

जाळीच्या पाइपला सलग पट्टा नको. आधी चारही कोपऱ्यांना टाके, मग दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत असेल तरच पुढे जा. नंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून १५–२० मिमीचे तुकडे भरा. उभ्या सांध्याला वरून खाली या, म्हणजे पातळ पाइप जळत नाही. फटी १ मिमीपेक्षा मोठ्या असतील तर वेल्डने भरत बसू नका, पाइप पुन्हा नीट कापा.

दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपला आधी ३–४ मिमीचं भोक पाडा. आत कोंडलेली हवा तापून शेवटच्या टाक्यातून वितळलेला धातू बाहेर उडवते.

वाघोडिया_रोड

कांड्यांचं काय करावं? जूनमध्ये पुडा फोडला, ऑगस्टमध्ये त्याच कांड्या फटफटतात आणि पट्ट्यात भोकं येतात.

मकरपुरा_शेड

पावसाळ्यात हे होणारच. लेप हवेतलं पाणी ओढतो. ६०१३ असेल तर ८० ते ११० अंशांवर तासभर वाळवा. त्याहून जास्त नको, कारण या लेपाला थोडा ओलावा लागतो. पार भाजली तर आर्क बिघडतो. ७०१८ चं उलट: तिला ३००–३५० अंशांवर एक-दोन तास भाजावं लागतं, कारण तिथे ओलाव्यातला हायड्रोजन सांध्यात तडा पाडतो. घरच्या ओव्हनमध्ये ते जमत नाही. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरूच नका.

लेपावर पांढरी बुरशीसारखी पूड आली, आतली तार गंजली किंवा लेप टवके होऊन पडू लागला तर कांडी वाळवून सुधारत नाही, टाकून द्या. पुरात बुडालेला पुडा तर अजिबात ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं होतं तसं पुन्हा झालं आणि मशीन बुडालं, तर वाळलं म्हणून चालू करू नका, आतली पाटी (सर्किट बोर्ड) तपासून घ्या. एरवी कांड्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत, जमिनीपासून वर. आणि लहान पुडा घ्या.

दृष्टी_रावपुरा

डोळ्यांबद्दल लिहिते, कारण अर्धवट माहितीचा त्रास इथेच जास्त होतो.

आर्कचा अतिनील प्रकाश डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याला भाजतो. त्रास लगेच होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा बरं होतं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चोळू नका. बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, दुधाचे थेंब यांनी जंतुसंसर्गाची भीती वाढते. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून स्वतः घालत राहणं सर्वांत घातक, जखम भरतच नाही.

हेल्मेटची काळी काच: १०० अँपिअरपर्यंत १० नंबर, त्यापुढे १५० पर्यंत ११, त्यावर १२. गॉगल चालत नाही, कारण चेहरा आणि गळाही भाजतो. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं तर काम सुरू करण्याआधी लायटरच्या ठिणगीवर किंवा उन्हाकडे धरून ते काळं होतं का बघा, सेन्सरवरचे थेंब पुसा. बाहेरची साधी संरक्षक काच ठिपक्यांनी भरली की बदला, नाहीतर तळं दिसत नाही आणि माणूस जवळ वाकतो.

आजूबाजूच्यांचाही विचार करा. गच्चीवर वेल्डिंग चालू असेल तर शेजारच्या गच्चीवरची मुलं बघत उभी राहतात. दोन्ही बाजूंना ताडपत्री किंवा पत्र्याचा आडोसा लावूनच सुरू करा. मळ छिन्नीने काढताना साधा पारदर्शक गॉगल हवाच, तो तुकडा तापलेला असतो आणि सरळ डोळ्याकडे उडतो. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नये.

वाघोडिया_रोड

जीआय (झिंकचा मुलामा दिलेल्या) पाइपचा जुना मांडव जोडायचा आहे. काम झाल्यावर दूध-गूळ घेतलं की धूर बाधत नाही असं ऐकलं.

पत्रा_पाइप

दूध-गुळाने काही फायदा होत नाही. धूर फुफ्फुसात जातो, पोटात नाही. झिंकचा पांढरा धूर घेतला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडात धातूची चव राहते. सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, पण धाप लागली किंवा छाती भरली तर थेट दवाखान्यात. जमत असेल तर काळा (मुलामा नसलेला) पाइपच घ्या. जीआयच असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना २५ ते ५० मिमीपर्यंत मुलामा घासून काढा, काम उघड्यावर करा, वारा बाजूने येईल असे उभे राहा, डोकं धुराच्या वर नको. साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला लावा. घासतानाही लावा. शेवटी झिंकचा रंग मारा, नाहीतर तिथूनच गंजेल. सांधा ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीन असलेल्या द्रवाने पुसू नका. आर्कजवळ त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

मकरपुरा_शेड

याच ओघात बॅरलचं सांगतो, बडोद्याभोवती हे फार महत्त्वाचं आहे. नंदेसरी, मकरपुऱ्याच्या कारखान्यांकडून जुनी रसायनांची, तेलाची बॅरलं स्वस्तात मिळतात आणि लोक ती पाण्यासाठी, भट्टीसाठी कापतात. बंद बॅरलवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही नाही. 'रिकामं आहे, धुतलंय' याला अर्थ नाही. शिवणीत अडकलेला थेंबभर द्रव तापून वाफ होते आणि ती पेटली की एवढ्या वाफेनेही झाकण उडतं. दुचाकीच्या पेट्रोल टाकीचंही तेच. हे काम घरी करायचंच नाही.

आगीसाठी: ठिणगी १० मीटरच्या पुढेही घरंगळत जाते. एवढ्या परिघातलं गवत, गाद्या, थर्माकोल, गॅसची टाकी हलवा. हलत नसेल तर ओल्या गोणपाटाने नव्हे, फायर ब्लँकेटने झाका. गोणपाट वाळलं की तेच पेटतं. गच्चीवरून ठिणग्या खाली कुठे पडतात तेही बघा. वाळूची बादली आणि आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर हाताशी. काम संपल्यावर तासभर जागा सोडू नका.

कपडे जाड सुती, गळ्यापर्यंत बटणं, पँट बुटांवर, खिशात लायटर नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. हातमोजे चामड्याचे, कोपरापर्यंतचे आणि कोरडे. कांडी बदलताना टोकाशी ६०–८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते जाणवत नाहीत, घामाने भिजलेल्या हाताला आणि ओल्या फरशीवर ते जीवघेणे ठरू शकतात. म्हणून होल्डर काखेत धरायचा नाही, पायाखाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट, आणि पाऊस सुरू झाला की काम बंद.

फेज_न्यूट्रल

क्लॅम्पबद्दल एक भर. तो ज्या तुकड्यावर वेल्ड करताय त्याच तुकड्याला, सांध्याच्या जवळ लावा. शेजारच्या फाटकाला, नळाच्या पाइपला नको. करंट परतीची वाट शोधतोच: बिजागरीतून गेला तर बिजागरी, बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग जाळतो, आणि कामावर ठेवलेल्या जुन्या धातूच्या ग्राइंडरच्या अर्थ वायरमधून गेला तर ती वायर लाल होते. गाडीच्या चॅसीवर काम असेल तर बॅटरीचं उणे टोक काढा.

जनरेटरवर चालवायचं असेल तर २.५ च्या कांडीला किमान ५ केव्हीए, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी यंत्रणा) असलेला. छोट्या जनरेटरचा व्होल्टेज आर्कबरोबर वरखाली होऊन मशीनचे कॅपॅसिटर जातात.

दांडियाबाजार

तुमचा हिशेब वाचून सॉकेटात खोचायचा व्होल्टमीटर आणून मोजलं. जाळीच्या आधी पट्टीवर सराव चालू आहे. गच्चीच्या बोर्डावर रिकामं २२९, वेल्ड चालू असताना १९६. खाली मीटरजवळ रिकामं २३०, वेल्ड चालू असताना २२५. कांडी २.५, करंट ९० वर. मीटरपासून गच्ची साधारण २० मीटर. वायर १.५ निघाली.

फेज_न्यूट्रल

काम थांबवा, कृपया. खालपर्यंत फक्त ५ व्होल्ट पडतात, म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. घराच्या आत जवळजवळ २८ व्होल्ट पडतात. मशीन या वेळी १८ अँपिअर ओढत असेल तर २० मीटरच्या १.५ वायरीत ९ व्होल्ट पडायला हवेत. उरलेले १९ कुठेतरी एका सांध्यात पडताहेत, आणि १९ गुणिले १८ म्हणजे ३४० वॅटची उष्णता त्या सांध्यात आहे. इस्त्री जवळजवळ निम्म्या तापावर भिंतीत ठेवल्यासारखं आहे.

मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून जंक्शन बॉक्स आणि सॉकेटमागचे स्क्रू उघडून बघा. काळवंडलेली, ठिसूळ झालेली टोकं सापडतील. दुरुस्त करून ती लाइन हलक्या भारावरच ठेवा. तिथे गीझर चालतो तोही या वायरीवर नको. वेल्डिंगसाठी ४ चौ.मिमीची नवी लाइन मीटरपासून सरळ, मध्ये जोड न देता.

दांडियाबाजार

जिन्यातल्या बॉक्समध्ये न्यूट्रल नुसती पिळून टेप लावलेली होती, टेप वितळलेली. नवी लाइन टाकून घेतली. आता ९० ला वरती २२१ मिळतात आणि कांडी चिकटत नाही. शेवटचा प्रश्न, ग्राइंडर आणि मशीन एकाच टेबलावर ठेवलं तर चालेल?

मकरपुरा_शेड

नाही. ग्राइंडरची पूड लोखंडाची असते. मशीनचा पंखा ती आत ओढतो आणि पाटीवर साठून शॉर्ट होतं. मशीन दोन-तीन मीटर दूर, ठिणग्यांच्या उलट बाजूला, चारही बाजूंनी हवा खेळेल असं ठेवा. वर कापड झाकून चालवू नका. काम संपल्यावर पाचेक मिनिटं पंखा चालू द्या, मग स्विच बंद, मग प्लग. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या हवेने जाळीतून फुंकर मारा. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून, कमी दाबाने, पंखा गरगर फिरू न देता. कव्हर उघडू नका, आतले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले असतात. ठेवताना पिशवीत बांधा, पाली आणि झुरळं आत शिरून हाच शॉर्ट करतात.